राखेची सवय आणि डाग न पडणारे पोलाद

तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई लावून घेण्याचा काळ आमच्या पिढीने पाहिला आहे. अंगणाच्या कोपऱ्यात कल्हईवाला भाता मांडी, तापलेल्या पातेल्यात नवसागराची पूड टाकी, पांढऱ्या धुराचा लोट उठे आणि कापसाच्या बोळ्याखाली कथील क्षणात पसरे. रोजच्या घासणीला चुलीतली राख, चिंच आणि नारळाची शेंडी. पितळेला हे सारे मानवे. वरचा काळवंडलेला थर निघाला की खालचा धातू पुन्हा झळके. पुढे स्टील आले. भांडी बदलली, हात मात्र तेच राहिले.

या पोलादाचा जन्म स्वयंपाकघरासाठी झालाच नव्हता. इंग्लंडमधील शेफील्ड शहरात हॅरी ब्रिअर्ली हे धातुतज्ज्ञ बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून उपाय शोधीत होते. ऑगस्ट १९१३ मध्ये त्यांनी सुमारे १२.८ टक्के क्रोमियमचे पोलाद तयार करविले. त्यावर आम्लाचा परिणाम होईना, तेव्हा त्यांच्या मनात सुऱ्यांचा विचार आला. आरंभी शेफील्डच्या कारागिरांनी 'न कापणाऱ्या सुऱ्यांचे शोधक' म्हणून त्यांची थट्टाच केली. ब्रिअर्ली या धातूला 'न गंजणारे' पोलाद म्हणत. सुऱ्या बनविणारे अर्नेस्ट स्टुअर्ट यांनी ते व्हिनेगरमध्ये पारखून 'डाग न पडणारे' हे नाव सुचविले. नाव मोठे गोड, पण आम्हां सर्वांना फसविणारे! आपल्या भांड्यांतील निकेलयुक्त पोलादाचे श्रेय मात्र त्याच सुमारास जर्मनीत क्रुपच्या कारखान्यात खपणाऱ्या माउरर व श्ट्राउस यांच्याकडे जाते.

या धातूला कल्हई लागत नाही, कारण ती त्याची तोच लावून घेतो. क्रोमियमचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन पृष्ठभागावर अतिसूक्ष्म, पारदर्शक कवच तयार होते. ओरखडा पडला तरी ते पुन्हा जुळते. मात्र मिठाशी त्याचे वैर आहे. आईचे नाव कोरलेल्या डब्यात आम्ही एका पावसाळ्यात कैरीचे लोणचे भरून ठेवले. आश्विनात पाहतो तो तळाशी टाचणीच्या टोकाएवढे खड्डे! राखेने, मग लोखंडी काथ्याने घासले. ओरखडे उमटले आणि काथ्याचे कण रुतून तांबूस ठिपकेही पडले.

खरे तर साबणाचे पाणी, मऊ फडके आणि धुतल्यावर कोरडे पुसणे एवढ्यावर भागते. करपलेले असल्यास खाण्याचा सोडा घालून पाणी उकळावे. मीठ थंड पाण्यात तळाशी बसू न देता उकळत्या पाण्यात घालून ढवळावे. सिंकवर ब्लीचिंग पावडर टाकू नये. तेथील पांढुरके डाग गंजाचे नसून आमच्या विहिरीच्या क्षारांचे असतात. व्हिनेगरचा बोळा फिरवून लगेच धुतले की जातात.

आईच्या त्या डब्यात आता आम्ही तांदूळ भरतो.