बाजाराच्या पैशावर चाललेली गणिताची शाळा

मंडळी, इंग्लंडमधल्या टुमदार खेड्यांचे फोटो हल्ली सगळ्यांच्याच मोबाईलवर येतात. दगडी घरं, भिंतीवर वेली आणि गावाच्या मधोमध जुना दगडी बाजार-मंडप. त्यातलं चिपिंग कॅम्पडन नावाचं गाव फार प्रसिद्ध आहे. तिथला मंडप बॅप्टिस्ट हिक्स नावाच्या धनिक व्यापाऱ्याने १६२७ साली बांधून दिला. लोणी, चीज, कोंबड्या विकायला येणाऱ्यांच्या डोक्यावर छप्पर असावं, एवढाच हेतू. १९४०च्या दशकात तो मंडप कुणा अमेरिकन माणसाला विकला जायची वेळ आली, तेव्हा गावकऱ्यांनी पैसे गोळा करून तो आधी विकत घेतला आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या हवाली केला.

फोटो बघून आपण म्हणतो, "बघा, ते लोक कसं जपतात!" म्हणतो आणि अंगठा पुढच्या फोटोवर सरकवतो.

आपल्याकडे बाजाराचं असं काही स्मारक आहे का? आहे. आणि ते कॅम्पडनच्या मंडपापेक्षा चारशे वर्षांनी जुनं आहे. त्याला छप्पर नाही, खांब नाहीत. दगडावर कोरलेल्या काही ओळी आहेत. त्या ओळींत ज्या गावाच्या बाजाराची गोष्ट आहे, ते गाव बघायला मी शिरूरहून मुद्दाम गेलो. त्याबद्दल आज जरा सविस्तर लिहितो, कारण त्या ओळींचा संबंध आपल्या बाजारतळाशी आहे.

ठिकाण पाटणादेवी. जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगाव तालुक्यात. आपल्याकडून जायचं तर बीड, संभाजीनगर, कन्नड, मग औट्रम घाट उतरून चाळीसगाव आणि तिथून डोंगराच्या कुशीत. वर पितळखोऱ्याची लेणी, खाली गौताळ्याचं जंगल. पावसाळ्यात गेलात तर कड्यावरून धबधबे आणि सगळीकडे हिरवंगार. चंडिकादेवीचं देऊळ आहे, त्याअलीकडे महादेवाचं काळ्या दगडाचं जुनं मंदिर आहे. आपण असल्या सगळ्या मंदिरांना 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होतो, पण या महादेवाच्या मंदिरातला लेख शके १०७५चा, म्हणजे हेमाद्रीपंताच्या कारभाराच्या शंभरेक वर्षं आधीचा आहे. तेव्हा इथे निकुंभ घराण्याची सत्ता होती. देवगिरीच्या यादवांचे ते मांडलिक.

'पाटण' या शब्दाचा अर्थच मोठी पेठ, नगर. आज तिथे उभं राहिलं तर पेठ कुठेच दिसत नाही. झाडी, माकडं, नदीचा आवाज, नारळ-प्रसादाची दुकानं. आठशे वर्षांपूर्वी इथे बैलांवर लादलेला माल उतरत होता, तेलाचे घाणे फिरत होते, हे कुणी सांगितलं तर खरं वाटणार नाही. पण लेख सांगतो. १८६५ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांना तो इथल्या भवानीच्या पडक्या देवळात सापडला. लेख बराचसा संस्कृतात आहे. शेवटचा भाग मात्र मराठीत आहे, आणि बाजाराचा सगळा हिशेब त्या मराठी भागात आहे. उघडच आहे. राजाची स्तुती पंडितांना कळली म्हणजे झालं, पण कुणाकडून काय घ्यायचं हे बाजारातल्या माणसाला कळायला हवं.

आता लेखात काय आहे ते बघा.

भास्कराचार्य आपल्याला माहीत आहेत. जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. 'सिद्धांतशिरोमणी' हा त्यांचा ग्रंथ आणि 'लीलावती' हा त्याचाच एक भाग. त्यांनी आपलं गाव 'विज्जलविड' असं सांगितलंय आणि ते नेमकं कुठलं यावर अभ्यासकांचे वाद आहेत. त्या वादात आपल्या बीडचंही नाव घेतलं जातं. तो वाद मी इथे उकरत नाही. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारात ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला. मठ म्हणजे इथे चक्क शाळा समजा, गणिताची आणि खगोलाची.

शाळा काढली, पण ती चालणार कशावर? शके ११२८ असा लेखात उल्लेख आहे. श्रावणातली पौर्णिमा, चंद्रग्रहणाची वेळ. निकुंभ राजा सोइदेव याने सगळ्या लोकांच्या समक्ष, हातावर पाणी सोडून मठाला दान दिलं. आणि पुढे मराठीत येतं ते बाजाराचं दान. या पाटणात जो माल विकायला निघेल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जे मिळायचं ते मठाला दिलं. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या. जेवढे घाणे चालतील त्या प्रत्येकाकडून पळीभर तेल. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते कलम असं की, इथे जे काही मापलं जाईल ते मठाच्या मापाने मापावं, आणि मापाईचे जे मिळेल त्यातलं अर्धं मठाला, अर्धं मापणाऱ्याला.

मापणाऱ्याला लेखात 'मापहारी' म्हटलंय. आपल्या मोंढ्यात आजही 'मापाडी' आहेत. आठशे वर्षं झाली, राजे गेले, गाव जंगलात गेलं, पण शब्द आपल्या आडतीवर अजून काम करतोय.

लेखाचं छापील वाचन मी सोबत नेलं होतं. तिथल्या एका दगडावर बसून ते परत वाचलं तेव्हा त्यातली शहाणपणाची गोष्ट ध्यानात आली. माप मठाचंच का? कारण व्यापाऱ्याच्या मापावर शेतकऱ्याचा भरोसा नसतो आणि शेतकऱ्याच्या मापावर व्यापाऱ्याचा. ज्याला त्या सौद्यात ना नफा ना तोटा, त्याचं माप पाहिजे. शिवाय तिथली पोरं शिकत काय होती? 'लीलावती' उघडली की सुरुवातीलाच नाण्यांची आणि मापांची कोष्टकं येतात. सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. चार कुडवांचा प्रस्थ, चार प्रस्थांचा आढक, चार आढकांचा द्रोण. पुढे बाजारातलंच एक गणित येतं. बाजारात एका द्रम्माला तीनशे आंबे आणि एका पणाला तीस डाळिंबं मिळतात, तर दहा आंब्यांच्या बदल्यात डाळिंबं किती? करून बघा. उत्तर सोळा येतं. म्हणजे बाजार शाळेला पोसत होता आणि शाळा बाजाराला हिशेब शिकवत होती.

आता कुणी म्हणेल, हे सगळं खानदेशातलं, आपल्याला काय त्याचं? तर आपला मुलूख बाजाराच्या नकाशावर त्याहून जुना आहे. दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्याने प्रवासाची माहिती लिहून ठेवली. तिला 'पेरिप्लस' म्हणतात. भरूच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, पैठणपासून पूर्वेला तेर दहा दिवसांवर, आणि या दोन्ही पेठांतून माल गाड्यांनी भरूचला येतो, असं त्यात आहे. नकाशावर पैठण आणि तेर यांना जोडणारी सरळ रेघ ओढा. ती बीड जिल्ह्यातून जाते. आणि आपल्या शिरूरच्या नावापुढे जो 'कासार' लागतो, तोही तांब्या-पितळेच्या आणि बांगड्यांच्या धंद्याचाच शब्द आहे. गावाच्या नावातच बाजार आहे.

मापाचं भांडणही काही संपलं नाही. पायली, शेर, मापटं, चिपटं या शब्दांवर आपल्या आजोबा-पणजोबांचे व्यवहार चालले. गावागावात शेर वेगळा, आणि घेतानाचं माप एक, देतानाचं दुसरं, ही तक्रार जुनीच. १८८६ साली वऱ्हाडात कारंज्याला कापसाचा पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला. आपल्या निजामाच्या राज्यात शेतमाल बाजाराचा कायदा १९३० साली आला. १९५८पासून देशात किलो-ग्रॅम लागू व्हायला लागले. पण कापसाची गाडी काट्यावर चढली की शेतकऱ्याची नजर अजूनही काट्यावरच असते. कडता किती धरला, हमाली-तोलाई किती कापली, हे पट्टीवर वाचूनच तो पुढचा श्वास घेतो.

आणि बाजाराचा पैसा कुठे जावा, हे भांडणही जुनं आहे. पुण्याची भाजी मंडई आधी शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरायची. नगरपालिकेने मोठी इमारत बांधायचं ठरवलं तेव्हा जोतीराव फुले सदस्य होते. त्यांनी त्या खर्चाला विरोध केला. तरी इमारत झाली, १८८६ साली उघडली आणि गव्हर्नर रे यांच्या नावाने 'रे मार्केट' झाली. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुले मंडई हे नाव मिळालं. ज्या खर्चाला विरोध केला त्याच इमारतीवर फुल्यांचं नाव! पण मला त्यात फक्त विरोधाभास दिसत नाही. सार्वजनिक पैसा कशावर जातो, हे भर सभेत विचारणाऱ्या माणसाचं नाव बाजारावर असणं योग्यच आहे.

आता आपल्याकडे येऊ या.

आठवडी बाजारात पालं टाकून बसणाऱ्याकडून बैठकीचे पैसे घेतले जातात. कोथिंबिरीच्या चार जुड्या घेऊन बसलेली म्हातारीही ते देते. गावोगावी या वसुलीचा लिलाव होतो, ठेका जातो आणि रक्कम गावाच्या तिजोरीत जमा होते. मी कुणावर आरोप करत नाही, तो या पोस्टचा विषयही नाही. माझा प्रश्न साधा आहे. ती म्हातारी जे दहा-वीस रुपये देते, त्याचं पुढे काय होतं, हे तिला कुठे लिहिलेलं दिसतं का? सोइदेव तर राजा होता, त्याला कोण विचारणार होतं? तरी त्याने सगळ्यांच्या समक्ष दान दिलं आणि लोकांच्या भाषेत दगडावर कोरून ठेवलं की, पळीभर तेल घेतो ते कशासाठी.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दिवाळीच्या आसपास बाजारात गर्दी होते ती कशाची, आपल्याला ठाऊक आहे. तवा, पातेलं, ताडपत्री, सहा महिन्यांचं मीठ-मिरची. मग ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला जातात आणि गावं रिकामी होतात. काही लेकरं आईबापाबरोबर फडावर जातात, त्यांची शाळा बुडते. काही आजी-आजोबांजवळ राहतात, त्यांचा अभ्यास घ्यायला घरी कुणी नसतं. या लेकरांचे आईबाप आपल्या बाजारातले गिऱ्हाईक आहेत. त्यांच्या पैशावर बाजार उभा आहे.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत, आणि त्या फक्त शिरूरपुरत्या नाहीत. तालुक्यातल्या प्रत्येक बाजारगावाला लागू आहेत.

एक, बाजारतळावर ठळक मराठीत फलक लावावा. बैठकीचे दर किती, वर्षाला वसुली किती, ती कशावर खर्च झाली. आणि शेजारी एक तपासलेला सरकारी काटा ठेवावा, ज्यावर कुणालाही आपला माल फुकट मोजून बघता येईल. तेच आपलं 'मठाचं माप'.

दोन, बाजाराच्या उत्पन्नातला ठरलेला हिस्सा, निम्मा नको तर चौथाई द्या, पण फलकावर लिहून द्या, हंगामात मागे राहणाऱ्या लेकरांच्या अभ्यासिकेला. एक खोली, दिवे, पुस्तकं आणि संध्याकाळी गणित शिकवणारा एक माणूस. याला फार मोठी योजना लागत नाही. आठशे वर्षांपूर्वी पाच सुपाऱ्या आणि पळीभर तेलावर हे काम चाललं होतं.

पुढच्या वेळी बाजाराच्या लिलावाची चर्चा निघेल तेव्हा बोली कितीला गेली एवढंच विचारू नका. त्यातलं लेकरांच्या शाळेला किती, हेही विचारा. मी तरी विचारणार आहे.