एका पेनीची गोष्ट



आमच्या गटातल्या एक काकू लेकीकडे लंडनला जाऊन आल्या. काय काय पाहिलंत म्हणून विचारलं, तर राजवाडा राहिला बाजूला, त्या सांगू लागल्या रेल्वे स्टेशनवरच्या संडासाचं. "पाण्याऐवजी कागद असतो, बाटली आपली आपण न्यायची. पण पैसे घेत नाहीत गं!" आम्ही खूप हसलो. मग वाटलं, घरून निघताना घोटभर पाणीसुद्धा टाळणाऱ्या आपण. तिथल्या बायकांचं पूर्वी कसं होतं, ते बघू तरी.

१८५१ साली लंडनला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. जॉर्ज जेनिंग्ज नावाच्या नळकाम करणाऱ्या कारागिरानं तिथं पाण्याच्या टाकीचे संडास बसवले. एका वेळेला एक पेनी. ८ लाखांवर लोकांनी ती मोजली. तिकडे लघवीला जायचं असलं की 'पेनी खर्चून येते' म्हणायची पद्धत आहे.

पुढे रस्तोरस्ती पुरुषांसाठी मुताऱ्या झाल्या, त्याही फुकट. बायकांसाठी फार थोड्या जागा, आणि तिथं पेनी. ज्या बाईकडे ती नसेल तिनं काय करायचं?

लंडनच्या कॅम्डेन भागात १९०० साली बायकांसाठी संडास बांधायचं ठरलं. आजूबाजूच्या लोकांनी गदारोळ केला: आमच्या घरांच्या किमती उतरतील, रहदारीला अडथळा होईल. मग अंदाज घ्यायला रस्त्यात लाकडाचा नुसता सांगाडा उभा केला. घोडागाडीवाले मुद्दाम त्यावर गाड्या घालू लागले. ४५ वेळा धडक बसली! रोजच्या सरावाच्या रस्त्यात एवढ्यांना तो दिसला नाही, हे कोण मानेल? नाटककार बर्नार्ड शॉ तिथल्या स्थानिक कारभारात होते, ते बायकांच्या बाजूनं भांडले. तरी संडास व्हायला १९०५ साल उजाडलं. लंडनच्या नव्या नगरमंडळांत तेव्हा बायकांना सदस्यच होता येत नव्हतं. ती बंदी १९०७ ला उठली. शॉ यांचं म्हणणं तेच होतं, की या गोष्टी बोलायला आत बाई हवी.

फिरत्या दांड्याच्या फाटकातून पोटुशीला, कडेवर पोर असलेलीला आत शिरता येत नसे. खासदार बार्बरा कॅसल यांनी त्याविरुद्ध मोहीम चालवली आणि १९६३ साली कायद्यानं ती फाटकं बंद झाली. मोठ्या स्टेशनांवरचे पैसे तर थेट २०१९ ला गेले. काकूंना फुकट मिळालं ते असं.

मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' म्हणून बायकांनी हेच भांडण मांडलं: पुरुषांना मुतारी फुकट, मग आम्हाला पैसे का?

आमच्या तालुक्याच्या स्टँडवर अजून बायकांकडून पाच रुपये घेतात. पावती मागितली तर माणूस आमच्याकडे बघतच राहिला. येत्या मासिक बैठकीत बचतीच्या हिशोबानंतर हाच विषय घेतलाय. तुमच्या स्टँडवर किती घेतात, ते रेडिओ केंद्राला कळवा.