पलटण मोडली, मग शिपाई कुठे गेला?

१० मे १८१८. ब्रिगेडियर जनरल टॉमस मन्रोच्या फौजेने सोलापूरच्या पेठेवर हल्ला चढवला. भुईकोट किल्ल्याच्या आश्रयाला पेशव्यांचे पायदळ आणि तोफखाना उभा होता आणि त्याचे नेतृत्व गणपतराव पानसे करीत होते. फेब्रुवारीत आष्टीला बापू गोखले पडले होते. मोकळेपणाने पळता यावे म्हणून दुसऱ्या बाजीरावाने आपले जड सैन्य आणि तोफा सोलापुरात मागे ठेवल्या होत्या. पेठ पडली, पानसे जखमी झाले आणि सीनेच्या दिशेने निघालेल्या पायदळावर इंग्रजांचे घोडदळ तुटून पडले. १५ मे रोजी किल्ल्याचे दरवाजे उघडले.

पाठ्यपुस्तकातला सोलापूरचा वेढा इथे संपतो. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच, जूनच्या सुरुवातीला, बाजीरावाने माल्कमपुढे शरणागती पत्करली आणि सालिना आठ लाख रुपयांचे निवृत्तिवेतन घेऊन तो बिठूरला गेला. सेनापतीची सोय झाली. सीनेच्या काठावरून जीव वाचवून निघालेल्या पायदळातल्या शिपायाची काय सोय झाली, हा प्रश्न कोणत्याही तहाच्या कलमात आढळत नाही. पुढची दोनशे वर्षे मात्र तो वेगवेगळ्या रूपांत परत येत राहिला.

मराठी मुलखाला हा प्रश्न मुळात नवा होता, हे आधी लक्षात घ्यायला हवे. शिवकाळात वर्षालाच एक लय होती. दसऱ्याला फौज मुलूखगिरीला बाहेर पडे आणि पावसाळ्यापूर्वी छावणीला परते. शिलेदाराचे गावी वतन असे. गडावरच्या शिबंदीला गडाभोवतीच्या जमिनी लावून दिलेल्या असत. म्हणजे लढणे हा जगण्याचा एकमेव आधार नव्हता, नांगर आणि तलवार एकाच घरात नांदत होती. महादजी शिंद्यांनी द बॉइनकडून कवायती कंपू उभारून घेतले तेव्हापासून चित्र पालटू लागले. बारा महिने कवायत करणारा, पगारावर जगणारा शिपाई तयार झाला. लष्करी दृष्टीने ती प्रगतीच होती. पण पगार थांबला की त्या शिपायाकडे परतण्यासाठी काही उरत नसे.

माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनला हा धोका दिसत होता. जिंकलेल्या मुलखातले बेकार शिपाई म्हणजे पेटायला तयार असलेले सरपण, हे पेंढारी युद्धाने नुकतेच दाखवून दिले होते. त्याने इनामे आणि जहागिरी बऱ्याच अंशी राखल्या, सातारचे राज्य प्रतापसिंह महाराजांच्या हाती दिले, काही स्वारांना कंपनीच्या नव्या घोडदळात सामावून घेतले. या सगळ्याचा लाभ प्रामुख्याने घोड्यावर बसणाऱ्यांना झाला. किल्ल्यांच्या राखणीवर जगणाऱ्यांचे हक्क एकेक करून गेले. पुरंदरच्या परिसरातला उमाजी नाईक अशाच राखणदार रामोशी घराण्यातला होता. त्याचे बंड १८२६ पासून धुमसत राहिले आणि १८३२ च्या फेब्रुवारीत त्याला पुण्यात फाशी देण्यात आली. १८४४ साली कोल्हापूर संस्थानात सामानगड आणि भुदरगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे बंद करून घेतले, त्यामागेही शिबंदीच्या जमिनींचा कारभार मामलेदाराकडे जाण्याची भीती होती. ही बंडे आपण स्वातंत्र्यलढ्याच्या प्रस्तावनेत वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण ती नोकरी गेलेल्या सैनिकांचीही बंडे होती, हे सहसा कोणी सांगत नाही.

पहिले खरे उत्तर सापडले ते अनपेक्षित जागी आणि कोणी ते उत्तर म्हणून शोधलेही नव्हते. ही जागा म्हणजे पलटणीतली शाळा.

कंपनीच्या आणि नंतर राणीच्या हिंदी पलटणींत शिपायांच्या आणि त्यांच्या मुलांच्या शिक्षणाची व्यवस्था असे. मुलांसाठी दिवसा वर्ग, मोठ्यांसाठी रात्रीचे वर्ग. लष्कराचा हेतू साधा होता. हुकूम वाचता यावेत, हिशेब ठेवता यावेत, बस्स. पण मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपायांची संख्या मोठी होती आणि ज्या समाजाला गावच्या शाळेच्या पायरीवरही बसू देत नव्हते, त्यातला माणूस पलटणीत पाटी-पेन्सिल हाती धरत होता. हवालदार गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली सेवानिवृत्त झाले. दापोलीच्या कॅम्पात निवृत्त सैनिकांची वस्ती होती, तिथे राहून त्यांनी वृत्तपत्रांत लेख लिहिले, ‘विटाळ विध्वंसक’ ही पुस्तिका काढली आणि १८९५ मध्ये त्यांची महाडच्या लोकल बोर्डावर नेमणूक झाली. त्या सभेत त्यांच्या शेजारी बसायला सवर्ण सभासद तयार नव्हते, पण हवालदाराच्या हाती आता लेखणी होती.

दुसरे नाव सर्वांना ठाऊक आहे, केवळ या कोनातून ते क्वचित पाहिले जाते. रामजी मालोजी सकपाळ. लष्करातच पुण्याच्या नॉर्मल स्कूलचे प्रशिक्षण घेऊन ते शिक्षक झाले आणि सुमारे चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक राहिले. सुभेदार म्हणून ते निवृत्त झाले तेव्हा त्यांचे धाकटे अपत्य भीमराव जेमतेम तीन वर्षांचे होते. रामजी आधी दापोलीला आले, मग साताऱ्यात बांधकाम खात्यात स्टोअरकीपर झाले. पुढे खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर तळे खोदले जात होते, तिथे त्यांनी रोखपालाचे काम केले. उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांना भेटायला निघालेल्या मुलांना मसूर स्टेशनवरून गाडीवान न मिळाल्याची आणि रात्रभर पाण्यावाचून काढल्याची हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्या प्रवासाच्या टोकाला एक माजी सुभेदार हजारो दुष्काळग्रस्तांच्या मजुरीची रोकड सांभाळत होता. स्टोअरकीपर आणि रोखपाल, ही दोन्ही कामे हिशेबाची आणि विश्वासाची होती. त्यांची तयारी निवृत्तीच्या दिवशी सुरू झालेली नव्हती, ती वीस-पंचवीस वर्षे आधी पलटणीच्या वर्गात झाली होती.

नेमकी हीच वाट त्या सुमारास बुजवली गेली. ‘लढाऊ जाती’ नावाच्या सिद्धांताचा अंमल सुरू झाला आणि १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची भरती थांबली. वलंगकरांनी तिच्या विरोधात अर्ज तयार केला. या अर्जाकडे केवळ बंदुकीच्या मानाचा प्रश्न म्हणून पाहणे अपुरे आहे. भरती थांबली म्हणजे शाळा थांबली, निवृत्तिवेतन थांबले आणि गावाबाहेर पडण्याची एकमेव सरकारमान्य वाट थांबली.

पहिल्या महायुद्धाने प्रश्नाला नवा चेहरा दिला. मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या. जे परतले त्यांत हातपाय गमावलेले पुष्कळ होते. १९१७ साली गव्हर्नरपत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत राणी मेरीच्या नावाने अपंग सैनिकांसाठी तंत्रशाळा निघाली, ती पुढे खडकीला हलली आणि आजही तिथे चालू आहे. जखमी शिपायाला दान देण्याऐवजी हुन्नर द्यावा, ही कल्पना इथे प्रथम संस्थेच्या रूपात उभी राहिली. तिची मर्यादाही स्पष्ट होती. धडधाकट परतलेल्या सैनिकाला काही शिकवण्याची गरज कोणालाच वाटली नव्हती, त्याने गावी जाऊन शेती करावी हे गृहीत होते.

दुसऱ्या महायुद्धाने ते गृहीतक मोडले. पंचवीस लाखांच्या आसपास माणसे गणवेशात होती आणि त्यांतली बहुसंख्य एकाच वेळी घरी येणार होती. त्यातले कित्येक जण आता वाहनचालक, फिटर, तारायंत्र चालवणारे, रेडिओ दुरुस्त करणारे होते. जुलै १९४५ मध्ये केंद्राच्या मजूर खात्यात पुनर्वसन आणि रोजगार यांचे महासंचालनालय स्थापन झाले आणि त्याच्या हाताखाली देशभर रोजगार विनिमय केंद्रे उघडू लागली. म्हणजे ज्याला महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या ‘सेवायोजन कार्यालय’ म्हटले गेले, ज्याच्या दारात दहावी-बारावीनंतर नाव नोंदवायला रांगा लागत, ते कार्यालय मुळात युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी आणि युद्धकामगारांसाठी निघाले होते. १९४८ मध्ये ते सर्व बेरोजगारांना खुले झाले, १९५६ मध्ये त्याचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. आयटीआयची वंशावळही याच महासंचालनालयापर्यंत जाऊन पोहोचते.

१९४५ साली मजूर खात्याचे सदस्य कोण होते? डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. एवढ्या मोठ्या यंत्रणेचे सगळे श्रेय एका व्यक्तीच्या नावे मांडणे इतिहासाला धरून होणार नाही, त्यात युद्धकाळातील अनेक अधिकाऱ्यांचा आणि निकडीचा वाटा आहे. तरीही सुभेदार रामजींच्या मुलाच्या खात्यातून ही योजना बाहेर पडावी, हा योगायोग असला तरी डोळेझाक करण्याजोगा नाही.

योजना कागदावर असणे आणि ती माणसापर्यंत पोहोचणे यांतले अंतर मुंबईने लगेच पाहिले. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्यातील ‘तलवार’ या नौदलाच्या संदेशवहन शाळेत नाविकांनी संप पुकारला. सडके अन्न, गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ, आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका या गोष्टी प्रत्येक लेखात येतात. त्यांच्या मागण्यांच्या यादीत आणखी एक बाब होती: सैन्यातून वेळेवर मुक्तता आणि त्यानंतर शांतताकाळातील रोजगाराची हमी. हे तरुण शिकलेले होते, तांत्रिक कामात तरबेज होते. भरतीच्या वेळी त्यांना मोठी स्वप्ने दाखवली गेली होती आणि युद्ध संपताच आपण नकोसे झालो आहोत, हे त्यांना कळून चुकले होते. रामजींच्या उदाहरणावरून हुन्नर पुरेसा असतो असे वाटू शकते. ‘तलवार’वरचे नाविक त्याला अपवाद ठरतात. त्यांच्याकडे हुन्नर होता, तो बाहेरच्या जगात कोणत्या दारावर आणि कोणत्या कागदानिशी दाखवायचा, हे सांगणारे कोणी नव्हते.

स्वातंत्र्यानंतर संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वसन महासंचालनालय, केंद्रीय सैनिक बोर्ड आणि त्याखाली सोलापूरसह अनेक जिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालय अशी उतरंड उभी राहिली. सरकारी नोकऱ्यांत माजी सैनिकांसाठी आरक्षण आले. दरवर्षी साठ हजारांच्या घरात सैनिक निवृत्त होतात आणि त्यांतले बहुतेक पस्तीस ते पंचेचाळीस या वयाचे असतात. पुनर्वसनाचे अभ्यासक्रम सेवेच्या अगदी अखेरच्या टप्प्यात येतात. त्यामुळे रडार सांभाळलेला किंवा शंभर वाहनांचा ताफा चालता ठेवलेला हवालदार बँकेच्या किंवा एटीएमच्या दाराशी सुरक्षारक्षक म्हणून उभा असलेला आपल्याला दिसतो. ते काम कमी प्रतीचे नाही, पण त्याच्या अंगच्या कौशल्याचा तिथे विचारही होत नाही.

२०२२ च्या अग्निपथ योजनेने ही घड्याळे आणखी पुढे सरकवली. चार वर्षांची सेवा, त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना कायम नेमणूक, उरलेल्यांना सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी. निवृत्तिवेतन नाही. सोलापूर जिल्ह्यातला अठराव्या वर्षी भरती झालेला मुलगा बाविसाव्या वर्षी नव्या नोकरीच्या शोधात असेल. या योजनेच्या कागदपत्रांत मात्र एक तरतूद अशी आहे, जी रामजींच्या नॉर्मल स्कूलची आठवण करून देते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमात अग्निवीराने सेवेत असताना घेतलेल्या तांत्रिक प्रशिक्षणाला निम्मे श्रेयांक मिळतात. उरलेले निम्मे त्याने गणवेशात असतानाच, कवायत आणि पहारा यांतून वेळ काढून मिळवायचे आहेत.