डेटाबेसचे स्थलांतर : नक्कल सोपी, पडताळणी अवघड

बँकेचे खाते, रेल्वेचे आरक्षण, विजेचे बिल यांच्या नोंदी आज डेटाबेसमध्ये राहतात. त्यांपैकी बरेचसे डेटाबेस 'रिलेशनल' पद्धतीचे असतात. त्यांत माहिती परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांमध्ये, ओळी आणि रकान्यांत मांडलेली असते. 'आयबीएम'मधील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० मध्ये ही कल्पना मांडली. ओरॅकल, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेएसक्यूएल ही याच घराण्यातील नावे होत.

परवान्याचा खर्च किंवा एकाच कंपनीवरील अवलंबन टाळण्यासाठी संस्था एक प्रणाली सोडून दुसरी स्वीकारतात. ॲमेझॉनने सुमारे साडेसात हजार ओरॅकल डेटाबेसमधील ७५ पेटाबाइट माहिती स्वतःच्या क्लाउड सेवांवर हलविल्याचे ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीर केले.

या सर्व प्रणालींची भाषा एसक्यूएल हीच असली, तरी प्रत्येकीची बोली निराळी आहे. खरा धोका येथेच असतो. मजकुराचा रकाना कोरा ठेवला, तर ओरॅकल त्यास 'माहिती उपलब्ध नाही' असे मानते. पोस्टग्रेएसक्यूएल मात्र कोरा मजकूर आणि अनुपलब्ध माहिती यांत भेद करते. ओरॅकलच्या 'डेट' या प्रकारात तारखेसोबत वेळही साठवली जाते, पोस्टग्रेएसक्यूएलच्या 'डेट'मध्ये केवळ तारीख. नाव सारखे म्हणून प्रकारही तोच ठेवला, तर व्यवहाराची वेळ कायमची पुसली जाते.

मराठी मजकुराबाबत आणखी एक अडचण उद्भवते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. 'ज्ञानेश्वर' या नावात अशी दहा चिन्हे, म्हणजे तीस बाइट होतात. पोस्टग्रेएसक्यूएल रकान्याची लांबी चिन्हांमध्ये मोजते, तर ओरॅकल वेगळी सूचना न दिल्यास बाइटमध्ये. त्यामुळे पोस्टग्रेएसक्यूएलच्या वीस चिन्हांच्या रकान्यात सहज मावणारे हे नाव ओरॅकलच्या वीस बाइटच्या रकान्यात मावत नाही.

म्हणूनच स्थलांतरापूर्वी तक्ते, रकान्यांचे प्रकार आणि डेटाबेसमध्ये लिहिलेले प्रोग्रॅम यांची यादी करावी लागते. त्यानंतर रंगीत तालीम घेतली जाते. केवळ ओळींची संख्या जुळणे पुरेसे नसते. रकमांच्या बेरजा, तारखा आणि निवडक नोंदीही ताडून पाहाव्या लागतात. काही काळ दोन्ही प्रणाली समांतर चालविणे आणि परतीची वाट मोकळी ठेवणे हिताचे ठरते.

हे भान सुटल्यास किंमत ग्राहकाला मोजावी लागते. ब्रिटनमधील 'टीएसबी' बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आपली संपूर्ण संगणकप्रणाली बदलली. माहिती नव्या जागी सुखरूप पोहोचली, परंतु नवी यंत्रणा कोलमडली आणि लाखो ग्राहकांना स्वतःची खाती वापरता येईनात. व्यवहार पूर्ववत होण्यास डिसेंबर उजाडला. नियामकांनी २०२२ मध्ये बँकेला सुमारे ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड ठोठावला. माहिती पोहोचली म्हणजे स्थलांतर संपले असे नव्हे; ग्राहकाचे काम पूर्वीसारखे बिनबोभाट होऊ लागले, तरच ते पूर्ण झाले असे म्हणता येते.