विंचवाचा उतारा आणि पुराव्याची वही

श्रोतेहो, आपल्या मालवणपट्टीत विंचू पाहिला नाही असा माणूस मिळायचा नाही. जांभ्याच्या गडग्यात, लाकडांच्या ढिगात, गवताच्या उडवीत तो दडून बसतो. काळोखात पाय पडला की नांगी मारतो. मग कोणी मंत्र घालतो, कोणी मुळी उगाळतो. आणि बहुधा रोगी सकाळी बराही होतो. लोक म्हणतात, "बघा, गुण आला!"

पण गुण आला तो कशाने? विंचवाचे पुष्कळसे दंश केवळ वेदना देऊन आपोआप शमतात. जो आपोआप बरा झाला, तो मंत्राच्या जमेस पडतो. जो दगावला, त्याची वेळच भरली होती असे आपण म्हणतो. जमा लिहायची आणि खर्च लिहायचाच नाही, अशी ही वही!

ही वही दोन्ही बाजूंनी लिहिण्याचे काम आपल्याच कोकणात झाले. सन १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने चांगली धडधाकट माणसे, लहान मुले दगावताना त्यांनी पाहिली. ते रोग्याच्या उशाशी बसून राहिले व नाडी, रक्तदाब, घाम, उलट्या, हातापायांचा गारठा यांची टिपणे करीत गेले. त्यातून उमगले ते असे, की विषामुळे रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर भार पडतो आणि फुप्फुसांत पाणी भरते. ही निरीक्षणे १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली.

पुढे त्यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध वापरले. ते आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी शेकडा २५ ते ३० दगावत; ते प्रमाण शेकडा एकच्या आसपास आले.

इतके झाल्यावर दुसरा कोणी स्वस्थ बसला असता. पण विंचवाची प्रतिविषाची लस सोबत दिली तर अधिक गुण येतो काय, हा प्रश्न उरलाच होता. तेव्हा ७० रोग्यांचे ३५-३५ असे दोन गट केले. कोण कोणत्या गटात जाणार, हे डॉक्टरांच्या मर्जीवर सोडले नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरविले. नाहीतर बरे दिसणारे रोगी आवडत्या उपचाराकडे जायचे! दहा तासांत पूर्ण बरे झालेले रोगी नुसत्या प्राझोसिनच्या गटात ८ निघाले, तर लसही दिलेल्या गटात ३२. हा निष्कर्ष २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतः रूढ केलेला उपचार एकटा अपुरा पडतो, हे डॉक्टरांनी स्वतःच मोजून दाखविले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

अर्थात आकडा म्हणजे वैद्य नव्हे. रोग्याचे वय काय, दंश होऊन किती वेळ गेला, लक्षणे कोणती, हे पाहूनच डॉक्टरला निर्णय घ्यावा लागतो. पण त्या निर्णयाच्या पाठीशी मोजलेला अनुभव हवा.

शिक्षकबंधूंनी ही गोष्ट वर्गात जरूर सांगावी. आणि घरात कोणाला विंचू चावला, तर सकाळची वाट पाहू नका. उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय दिसले, तर एक क्षणही न दवडता दवाखाना गाठा. मंत्र घालणाऱ्याचा हेतू चांगला असेल. पण वेळ हातची जाते, आणि गेलेली वेळ कोणत्याही वहीत परत जमा होत नाही.