साखळी-करवतीचा इतिहास आणि पहिल्या यंत्राची निवड

चेनसॉ मूळची बाळंतपणासाठी शोधली गेली, हे वाक्य समाजमाध्यमांवर वारंवार फिरते. त्यात अर्धेच सत्य आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्रे या स्कॉटिश वैद्यांनी अस्थी व कूर्चा कापण्यासाठी दातेरी साखळी वापरली, हे खरे. परंतु ती दोन मुठींनी मागेपुढे ओढायची नाजूक साखळी होती. तिच्यात ना इंजिन होते, ना पट्टी. लाकडे कापणाऱ्या यंत्राची कथा वेगळी, आणि ज्यांना प्रशिक्षणाला जाण्यापूर्वीच यंत्र विकत घेण्याची घाई झाली आहे त्यांच्या अधिक कामाची.

आंद्रेआस श्टील यांनी 1926 मध्ये जर्मनीत बनवलेली विजेवरची करवत 64 किलो वजनाची होती. ती उचलायला दोन माणसे लागत. 1929 च्या पेट्रोल यंत्राचे वजन 46 किलोंवर आले. 1959 च्या ‘कॉन्ट्रा’पर्यंत ते सुमारे 12 किलो झाले आणि एकटा माणूस उभे झाड पाडू लागला. आज प्रारंभी घ्यावे असे 35 ते 45 घनसेंटिमीटर क्षमतेचे यंत्र चार-पाच किलोंचे असते.

परंतु खरी क्रांती इंजिनात झाली नाही, ती दातांत झाली. आरंभीच्या साखळ्यांचे दाते हातकरवतीसारखेच होते. ते लाकूड ओरबाडत आणि लवकर बोथट होत. 1946 मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन येथील लाकूडतोड्या जोसेफ कॉक्स याने एका भुंगेऱ्याची अळी ओंडका पोखरताना पाहिली. तिचे वाकडे जबडे डावीउजवीकडे आलटून-पालटून चालत. रेषांच्या दिशेने असो वा आडवे, लाकूड सारख्याच सहजतेने कापले जाई. पुढच्याच वर्षी त्याने त्या धर्तीची साखळी विक्रीस आणली. आजच्या बहुतेक साखळ्यांचे एक डावा, एक उजवा असे दाते तेथूनच आले. धारदार साखळीतून ढलप्या पडतात. भुकटी पडू लागली की धार गेली असे समजावे.

वेगाची किंमत मात्र शरीराने मोजली. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की दाता रुततो आणि यंत्र क्षणार्धात चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे उसळते. यालाच किकबॅक म्हणतात. 1970 च्या दशकाच्या पूर्वार्धात पुढच्या हातरक्षकाला जोडलेला चेन ब्रेक आला, तो यावरचा उपाय. त्याआधी सततच्या कंपनाने बोटांतील रक्तप्रवाह खुंटून ती पांढरी पडण्याचा विकार जपान व ब्रिटनमधील वनकामगारांत आढळला होता. म्हणून मुठी इंजिनापासून स्प्रिंग वा रबराने अलग केल्या गेल्या. दुकानदार आधी अश्वशक्ती सांगतो. आधी पाहायचे ते चेन ब्रेक, कंपनरोधक मुठी आणि तुटलेली साखळी अडवणारा खुंट. यांपैकी एकही नसलेले स्वस्त यंत्र कोणी फुकट दिले तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या देशात हा प्रश्न केवळ वनखात्याचा राहिलेला नाही. ऑक्टोबर 1999 च्या महाचक्रीवादळानंतर ओडिशाने 2001 मध्ये स्वतःचे आपत्ती कृती दल उभारले. मे 2019 मध्ये फनी पुरीजवळ धडकले, तेव्हा रस्त्यांवर आडवी पडलेली झाडे यांत्रिक करवतींनी हटवावी लागली. मे 2020 मध्ये अम्फाननंतर कोलकात्यातही तेच. अशा वेळी मदतीस धावणाऱ्या तरुणांना ठाऊक नसते की पडलेले झाड उभ्या झाडाहून फसवे असते. वाकलेल्या खोडाची एक बाजू दाबाखाली, तर दुसरी ताणाखाली असते. चुकीच्या बाजूने काप घेतला तर पट्टी अडकते, नाहीतर खोड चाबकासारखे सुटते. हे यंत्राच्या माहितीपुस्तिकेतून कळत नाही. प्रशिक्षकासमोर, ओंडक्याजवळ उभे राहूनच कळते.

म्हणून अभ्यासक्रमापूर्वी पैसे खर्च करायचेच असतील, तर ते शिरस्त्राण, जाळीचा मुखपट, कर्णरक्षक, पकड देणारे बूट आणि संरक्षक विजार यांवर करावेत. त्या विजारीत लांब तंतूंचे थर असतात. साखळी लागताच ते बाहेर ओढले जातात आणि दातेरी चाकाभोवती गुंडाळून तिला थांबवतात. यंत्र नंतर घ्यावे. केंद्रावर दोन-तीन प्रकारची हाताळून झाली की आपल्या मनगटाला कोणते झेपते ते समजते. पट्टी 35 ते 40 सेंटिमीटरची पुरते. सोबत त्या साखळीच्याच मापाची गोल कानस घ्यायला विसरू नये.