वावरातला दिव्याचा खांब उभा करायची कैची : कशी बनवायची, काय जपायचं

यवतमाळ : टिपेश्वर अभयारण्याच्या आजूबाजूचा पांढरकवडा-घाटंजी पट्टा असो की पैनगंगेकडचा उमरखेडचा भाग, रानडुक्कर आणि रोह्यांपासून पीक वाचवायला शेतकऱ्याला रात्री जागल करावी लागते. त्यासाठी वावरात उंचावर सोलर दिवा लावायचा म्हटलं तर २० फुटी लोखंडी खांब लागतो. खांब आणणं सोपं आहे, उभा करणं अवघड. बहुतेक ठिकाणी सात-आठ जण गोळा होतात, खांब खांद्यावर उचलतात, मग बांबूने रेटतात आणि पुढून दोराने ओढतात. यात खांब घसरला तर खालच्या माणसाला पळायलाही जागा नसते. घरच्या सामानात बनणाऱ्या एका कैचीने हेच काम चार माणसांत, कोणीही खांबाखाली न जाता होते.

ही पद्धत जुनीच आहे. शिडाच्या लहान होडीची डोलकाठी रस्त्याने नेताना आडवी ठेवतात आणि पाण्याजवळ पोचल्यावर अशाच कैचीने उभी करतात. लहान पवनचक्क्यांचे खांबही असेच उभे होतात आणि दुरुस्तीसाठी असेच खाली घेतात.

नुसत्या दोराने का होत नाही?

दोन इंची (५० एमएम) मध्यम जाडीचा जीआय पाइप मीटरला सुमारे ५.१ किलो भरतो. म्हणजे ६ मीटरचा, आपल्या भाषेत २० फुटी पाइप ३१ किलोचा झाला. टोकाला ५ किलोचा दिवा धरा. वजन तसं फार नाही. पण खांब जमिनीवर आडवा असताना दोर जवळपास खांबाच्याच रेषेत ओढला जातो. त्या ओढीने खांब उचलला जात नाही, नुसता बुडाकडे रेटला जातो.

हिशोब असा. बुडापासून १३ फुटांवर दोर बांधला आणि समोर २६ फुटांवर उभं राहून ४ फूट उंचीवरून ओढला, तर खांब जमिनीवरून सुटायला ३०० किलोच्या वर ओढ लागते. म्हणूनच सुरुवातीला माणसांना हाताने उचलावं लागते, आणि धोका तिथंच असतो.

आता बुडाजवळ १० फूट उंचीची कैची उभी करून दोर तिच्या टोकावरून नेला, तर तोच खांब सुमारे ५२ किलोच्या ओढीत सुटतो. खांब जसा वर येतो तशी कैची समोर झुकत जाते आणि ओढ कमी होत जाते. खांब अर्ध्यावर आला की २९ किलो, पूर्ण उभा होताना १० किलोच्या आत. कैची साडेसहा फुटांचीच ठेवली तर सुरुवातीची ओढ ७० किलोवर जाते. त्यामुळे कैची खांबाच्या निम्म्या उंचीची धरावी.

सामान

- कैचीसाठी १० फुटी दोन सरळ बल्ल्या किंवा दीड इंची पाइप. वरच्या टोकाला एका जाड बोल्टने जोडायचे.
- खालचे पाय ४ फूट फाकतील असे ठेवून मधात आडवा पाइप किंवा दोर बांधायचा, म्हणजे पाय आणखी फाकत नाहीत.
- विहिरीवरच्या दोन मजबूत कप्प्या आणि ६० फूट नवा १२ एमएम नायलॉन दोर. बैल बांधून झिजलेला दोर चालणार नाही.
- ताणासाठी वेगळे दोर, अँगलचे ४ फुटी खुंटे, सब्बल, घण आणि ओळंबा.
- बुडासाठी जाड पट्ट्यांची बिजागरी, दोन बोल्टची. खालच्या बोल्टवर खांब फिरतो, वरचा बोल्ट खांब उभा झाल्यावर टाकायचा. वेल्डिंगवाल्याकडून एवढंच काम करून घ्यावं लागते.

पाया आणि खुंटे

आपल्याकडची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीत उथळ पाया एक-दोन वर्षांत कलतो. खड्डा मुरूम लागेपर्यंत, निदान ३ फूट तरी घ्यावा. बिजागरी काँक्रीटमध्ये बसवल्यावर किमान ७ दिवस पाणी मारावं आणि त्यानंतरच खांब चढवावा.

ओल्या काळ्या मातीत खुंटा सहज उपटतो. खुंटा ओढीच्या उलट बाजूला तिरपा करून ३ फूट ठोकावा. जमीन मऊ असेल तर खुंट्याच्या जागी ३ फूट खोल आडवा ओंडका गाडून त्याला दोर बांधावा. ट्रॅक्टर गिअरमध्ये ठेवून, ब्रेक लावून, चाकांना दगड लावून उभा केला तर तोही खुंट्याचं काम देतो. पण ट्रॅक्टर चालवून खांब ओढू नये. दोर कुठं अडकला, किती ताणला, हे ड्रायव्हरला कळत नाही.

मांडणी

खांब पूर्वेकडे आडवा ठेवला असेल तर मुख्य खुंटा पश्चिमेला, बुडापासून १३ फुटांवर येतो. कैचीचे दोन्ही पाय बिजागरीच्या बोल्टच्या रेषेत, उत्तरेला आणि दक्षिणेला २-२ फुटांवर विटेवर टेकवावेत. कैचीच्या टोकापासून खांबावरच्या १३ फुटांच्या जागेपर्यंत साडेसोळा फुटांचा दोर पक्का बांधावा. त्याची लांबी शेवटपर्यंत बदलत नाही.

एक कप्पी कैचीच्या टोकाला, दुसरी खुंट्याला. दोराचं एक टोक खुंट्याला बांधून दोर वरच्या कप्पीतून खालच्या कप्पीत आणि तिथून माणसाच्या हातात आणावा. ओढ निम्मी होते. घर्षण धरलं तरी ३० किलोच्या आसपास लागते.

सगळ्यात जास्त चूक बाजूच्या ताणांत होते. उत्तर-दक्षिणेचे दोन्ही खुंटे बिजागरीच्या बोल्टच्या अगदी रेषेत आणि त्याच पातळीवर पाहिजेत. असं असलं तर खांब आडवा असो की उभा, ताणांची लांबी तेवढीच राहते आणि खांब बाजूला पडत नाही. खुंटे पुढं-मागं झाले तर खांब वर येताना ताण ढिले पडतात किंवा इतके आवळतात की खुंटा उपटतो. चौथा ताण खांबाच्या टोकापासून मागं, पूर्वेला. हा नसेल तर खांब सरळ झाल्यावर पुढं ओढणाऱ्याच्या अंगावर जाऊ शकतो.

उभारणी

एक जण ओढीच्या दोरावर, एक मागच्या ताणावर, एक बिजागरीवर नजर ठेवायला आणि एक हुकूम द्यायला. हुकूम एकाचाच चालेल. लेकरं आणि बघे ३० फुटांच्या बाहेर.

आधी टोक फक्त फूटभर उचलून थांबावं. खुंटे, गाठी, कैचीचे पाय तपासावेत. ठीक असेल तरच पुढं ओढावं. दोर हाताला गुंडाळू नये, जवळच्या खुंट्याला दोन वेढे देऊन धरावा. खांब उभा झाला की ओळंब्याने पाहून वरचा बोल्ट टाकावा, चारही ताण पक्के करावेत आणि मगच कैची सोडावी. खांब उतरवतानाही हीच मांडणी लागते. तेव्हा ओढ वाढत जाते, हे ध्यानात ठेवावं.

वीज : इथं माफी नाही

गावाकडच्या ११ केव्हीच्या तारेला लोखंडी खांब लागला तर धरणारे सगळेच सापडतात. ओला बांबू आणि ओला दोरही वीज वाहून नेतो. खांब कोणत्याही बाजूला पडला तरी तार दूर राहिली पाहिजे. म्हणून तारेपासून खांबाच्या उंचीच्या किमान दीडपट, म्हणजे २० फुटी खांबाला ३० फूट अंतर सोडावं. तेवढी जागा नसेल तर खांबाची जागा बदलावी. चुकून खांब तारेला लागलाच तर कोणी सोडवायला धावू नये. सगळ्यांना दूर ठेवून महावितरणच्या १९१२ वर फोन करून आधी लाइन बंद करून घ्यावी.

वारा किंवा ढग असताना काम काढू नये. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप जवळपास वीज पडण्याचा इशारा देते. उघड्या वावरातला लोखंडी खांब विजेला जवळचा असतो, म्हणून त्याला अर्थिंग करावं आणि कडकडाट सुरू झाला की खांबापासून आणि ताणांपासून लांब जावं.

हीच कैची शाळेच्या झेंड्याच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कॅमेऱ्याच्या खांबालाही चालते. गावात एक बनवून ठेवली तर सगळ्यांच्या कामी येते. खांबाची उंची किंवा वजन वाढलं तर मात्र कैची, दोर आणि खुंटे त्या हिशोबाने मोठे करावे लागतील.